दमलाय की दुखतंय?

सीन असा. ऑक्टोबरचा पहिला वीकएंड. पाऊस जवळजवळ संपलेला, पण डोंगर अजून हिरवेगार. शिवथरघळीच्या धबधब्याचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू येतोय. आमचा सहा जणांचा ग्रुप जाम खुशीत. आणि गाडीच्या उघड्या डिकीसमोर टँगो उभा आहे. नुसताच उभा. एरवी 'चल' म्हणायच्या आत गाडीत उडी मारणारा हा प्राणी आज पुढचे दोन पाय डिकीवर ठेवून मागे वळून माझ्याकडे बघतोय.

"दमलाय बिचारा!" मी म्हणाले. सगळ्यांनी कोरसमध्ये "ऑऽऽ" केलं. कोणीतरी फोटोही काढला.

तो फोटो मला आजही बघवत नाही.

आधी ओळख करून देते. टँगो म्हणजे आमचा लॅब्रेडॉर. काळा कुळकुळीत, तेव्हा वय वर्षं ४, वजन ३८ किलो. आजीला 'टँगो' म्हणता येत नाही असं नाही, पण तिला ते म्हणायचं नसतं. तिच्यासाठी तो पहिल्या दिवसापासून 'टांग्या'. हळूहळू सगळ्या घरासाठीच झाला. टांग्या हा आमच्या ग्रुपचा सातवा मेंबर. राजगड, तिकोना, कोरीगड... माझ्या अर्ध्याअधिक फोटोंमध्ये मी कमी आणि तोच जास्त. "कसला ॲक्टिव्ह आहे गं!" हे वाक्य ऐकलं की मला स्वतःचंच कौतुक झाल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पण 'ॲक्टिव्ह' म्हणजे नेमकं काय, याचा हिशोब मी कधी मांडला नव्हता. सोमवार ते शुक्रवार साहेब कोथरूडच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्सवर लोळणार. सकाळी पंधरा मिनिटं, रात्री पंधरा मिनिटं, तीही माझ्या डेडलाइनच्या मूडवर अवलंबून. आणि शनिवार आला की एकदम सात तासांची डोंगरचढाई. जिमला कधीच न जाणाऱ्या माणसाने दर रविवारी मॅरेथॉन पळावी, तसला प्रकार!

तर त्या शनिवारी आम्ही भोरमार्गे वरंध घाट उतरून शिवथरला आलो. वाटेत वाघजाईच्या देवळापाशी गरमागरम भजी (मस्ट!), मग घाट उतरून आत वळलं की डोंगरांच्या कुशीत शिवथर. समर्थ रामदासांनी 'दासबोध' इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला असं मानतात. नंतर ही जागा विस्मरणात गेली होती. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती शोधून काढली. घळ म्हणजे देवस्थान, त्यामुळे तिथे टांग्याला न्यायचं नव्हतंच. आम्ही आळीपाळीने पायऱ्या चढून दर्शन घेतलं. दुपारी मात्र गोप्या घाटाच्या वाटेने सगळे वर गेलो. दगडगोट्यांची वाट, वर शेवाळ. टांग्या तीन वेळा घसरला. आम्ही तीनही वेळा हसलो.

आणि मग तो डिकीचा सीन.

मुक्काम गावातल्याच एका घरी होता. पिठलं, भाकरी, ठेचा. आहाहा! जेवण झाल्यावर मी ओटीवर बसले होते. टांग्या अंगणात उभा. बसायला जायचा, अर्ध्यावरून परत उभा राहायचा. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकू भांडी घासता घासता त्याच्याकडे बघत होत्या.

"दमलाय आज," मी परत तेच म्हणाले.

"दमला नाय तो," काकू म्हणाल्या. "दुखतंय त्याला."

"कशावरून?"

"अगं, उभा कसा ऱ्हायलाय बघ की. सगळा भार पुढच्या पायांवर. बैल असा उभा ऱ्हायला की आम्ही समजतो, मागं काय तरी दुखतंय. जनावर बोलत नाय, उभं ऱ्हाऊन सांगतं."

मी बघितलं. खरंच, मागचे दोन्ही पाय एकमेकांजवळ आणि पोटाखाली ओढलेले, पाठ किंचित कमानीसारखी आणि छाती पुढे काढलेली. मला ती पोझ 'रुबाबदार' वाटायची. तिचे फोटो आहेत माझ्याकडे. गेल्या दोन वर्षांतले.

त्याच अंगणात काकूंचा गावठी कुत्रा होता. किरकोळ अंगाचा, बरगड्या मोजता येतील असा. दिवसभर गुरांमागे चालतो म्हणाल्या. पण कसा चालतो? संथ, रोज आणि स्वतःच्या मर्जीने. वाटलं तर सावलीत बसतो. त्याला कोणी 'कम ऑन, कम ऑन' करत शिखरावर फोटोसाठी पळवत नाही. (गावचं सगळं छान आणि शहराचं सगळं वाईट असं मला म्हणायचं नाहीये. गावातले कुत्रेही लंगडतात आणि त्यांचा एक्स-रे कोणी काढत नाही. पण फरक दिसला तो दिसला.)

आता इथून पुढचा भाग लिहायचा की नाही, यावर मी दोन दिवस घालवलेत. पण लिहिलाच पाहिजे.

रात्री अकराच्या सुमाराला टांग्या कण्हल्यासारखं करायला लागला. माझ्या फर्स्ट एड पाऊचमध्ये ट्रेकला नेहमी ठेवते ती पेनकिलरची स्ट्रिप होती. डायक्लोफेनॅक. गुडघा दुखला की मी घेते, अर्ध्या तासात मस्त वाटतं. म्हटलं, अर्धी गोळी काय करणार आहे? पिठल्यात घालून दिली. टांग्याने ती अर्थातच एका घासात फस्त केली. झोपलाही शांत. मी स्वतःवर खूश!

रविवारी घाटात त्याला दोनदा उलटी झाली. सोमवारी सकाळी शी डांबरासारखी काळी. तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "काळी शी म्हणजे आत रक्तस्राव झालाय. पोटाच्या अस्तराला जखम." डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही आपली रोजची औषधं कुत्र्याच्या शरीरात वेगळी वागतात. आपल्याला चालणारा डोस त्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपत नाही. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने द्यायची गोष्ट नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोट बरं होईपर्यंत त्याला दुखण्यावरचं योग्य औषध सुरूच करता येईना. म्हणजे माझ्या त्या 'अर्ध्या गोळी'मुळे टांग्या आणखी तीन आठवडे दुखणं सोसत राहिला.

त्या गोळीबद्दल नंतर वाचत बसले, तेव्हा आणखी एक गोष्ट उलगडली. नव्वदच्या दशकात आपल्याकडची गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली, आठवतंय? त्याचं कारण २००४ साली संशोधकांच्या हाती लागलं. हेच डायक्लोफेनॅक! दुखणाऱ्या गुरांना ते दिलं जायचं, गुरू मेलं की गिधाडं ते खायची आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. आणि शिवथर ज्या रायगड जिल्ह्यात आहे, तिथेच म्हसळ्याजवळच्या चिरगावात महाडची 'सीस्केप' संस्था उरलीसुरली गिधाडं जगवायला कित्येक वर्षं राबतेय. गुरांसाठी पर्याय म्हणून पुढे आलेलं मेलॉक्सिकॅम हे औषध योग्य डोसमध्ये कुत्र्यांनाही देतात. पण डॉक्टरने वजन करून, रक्त तपासून ठरवलेलं. तुमच्या-माझ्या पाऊचमधून नाही!

दुखणं नक्की कुठलं हे बघायचं होतं. आधी रक्ततपासणी झाली, कारण गोचीड तापातही सांधे सुजतात आणि कुत्रा लंगडतो. शिवाय आम्ही कायम रानात. ती नॉर्मल आली. मग भूल देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून एक्स-रे.

शाळेत 'उखळीचा सांधा' शिकलो होतो ना? खुब्याचा सांधा तसला. मांडीच्या हाडाचा गोल गड्डा खुब्याच्या खोबणीत गच्च बसायला हवा. टांग्याच्या खोबणी उथळ होत्या, उजवीकडची तर बशीसारखी. गड्डा आत बसण्याऐवजी काठावर हलत होता. वर्षानुवर्षं असं घासलं की कूर्चा झिजते, शरीर आधार म्हणून कडेने नवं हाड वाढवतं आणि सांधा आखडतो. याला म्हणतात हिप डिस्प्लेशिया, आणि त्यातून आलेला संधिवात. चार वर्षांच्या कुत्र्याला! मला तर वाटायचं संधिवात म्हणजे आजीच्या वयाचा आजार.

"माझ्यामुळे झालं का?" मी विचारलं.

उत्तर सरळ नव्हतं. मूळ दोष आनुवंशिक असतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत जास्त. पिल्लू जन्मतं तेव्हा खुबे ठीकच असतात, पुढच्या काही महिन्यांत सैल पडत जातात. पण ते किती बिघडणार, यात घरच्या लोकांचा हात असतो. नॉर्वेत सुमारे ५०० कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत जिने चढणाऱ्या पिल्लांना या दुखण्याचा धोका जास्त दिसला, तर मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांना कमी. आमचं टांग्या पिल्लू असताना लिफ्ट बंद होती. तीन मजले तो स्वतः चढायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

परदेशात ब्रीडिंगच्या आधी आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे काढून त्यांना ग्रेड देतात. अमेरिकेत यासाठी १९६६ सालापासून संस्था आहे. आपल्याकडेही एक्स-रे काढून मिळतो. फक्त मागत कोणी नाही. आम्ही पिल्लू आणताना काय विचारलं होतं? "काळा मिळेल का?" आणि "किंमत किती कमी कराल?" बस्स. मोबाइल घेताना मी यापेक्षा जास्त रिसर्च करते, यार!

मग डॉक्टरांनी उपाय सांगितले. ऑपरेशनं आहेत. अगदी लहान पिल्लांत हाडांची दिशा बदलता येते, पण ती वेळ आमच्या हातून गेलेली. मोठेपणी खुबा बदलता येतो, किंवा गड्डा काढून टाकून स्नायूंच्या आधारावर चालवता येतं. खर्चाचा आकडा ऐकून दादा गप्प झाला. मीही. डॉक्टर म्हणाले, "आधी सहा महिने साध्या गोष्टी नेटाने करा. त्यातून भागलं नाही तर बोलू."

साधी गोष्ट नंबर एक: वजन. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून आयुष्यभर बघितलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचा संधिवातही उशिरा सुरू झाला. २००२ साली हे निष्कर्ष आले, पण आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेच नव्हते. शिवाय आधीच जाड झालेल्या कुत्र्याचं वजन साधारण सहा टक्के उतरलं तरी लंगडणं कमी होताना दिसतं. टांग्याच्या हिशोबात जेमतेम सव्वादोन किलो!

आता लॅबचं डाएट करणं म्हणजे काय असतं, हे लॅबवाल्यांनाच विचारा. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली असं सापडलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. म्हणजे तो कायम भुकेला! टांग्याची टेस्ट केलेली नाही, पण मला रिझल्ट माहितीये.

घरात खरा व्हिलन निघाली आजी. चहाबरोबर मारी, पोळीचा शेवटचा तुकडा, दुपारी गुपचूप शिऱ्याचं बोट. मी चिडले, तर म्हणाली, "अगं, तो माझ्याशेजारी बसतो. मी उठले की उठतो. उठताना आम्ही दोघंही कुरकुरतो. त्याला नको देऊ तर कोणाला देऊ?"

मी थांबलेच. "तू कुरकुरतेस? कधीपासून दुखतायत गुडघे?"

"झालं वर्ष-दीड."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही सगळे घाईत. आणि चालतंय की तसं."

चालतंय की तसं! टांग्याही हेच सांगत होता ना दोन वर्षं? कुत्रा दुखलं म्हणून रडत बसत नाही. तो डिकीत उडी मारणं सोडतो, जिन्यापाशी क्षणभर थांबतो, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो, एका कुल्ल्यावर तिरका बसतो. आणि आपण म्हणतो, शहाणा झाला, शांत झाला, दमला. आजीलाही आम्ही 'आता घरातच रमते' म्हणत होतो.

त्या आठवड्यात दोन अपॉइंटमेंट घेतल्या. एक टांग्याची, एक आजीची.

पुढचे महिने सांगायला ग्लॅमरस नाहीत. मारीच्या जागी गाजर आणि काकडी. डब्यातलं खाणं अंदाजाने नाही, वजनकाट्यावर. घरभर जुन्या सतरंज्या आणि योगा मॅट, म्हणजे पाय घसरायला नको. (आजीलाही त्याचा फायदा.) नखं वेळेवर कापलेली. डिकीला प्लायवूडची उतरण, वर काथ्याची पट्टी ठोकलेली. दादाचं पहिलं सुतारकाम! फिरणं रोज तीन वेळा, वीस-वीस मिनिटं, मातीच्या रस्त्यावर आणि दोरी सैल ठेवून. बॉल फेकणं बंद, कारण ते एकदम पळणं, एकदम थांबणं, एकदम वळणं सांध्याला सगळ्यात महाग पडतं. रविवारी ओळखीच्यांच्या शेतातल्या टाकीत पोहणं. पाण्यात वजन जाणवत नाही, स्नायू मात्र काम करतात. औषध डॉक्टर सांगतील तेवढंच आणि अधूनमधून यकृत-मूत्रपिंडाची तपासणी. जोडीला माशाच्या तेलाचं ओमेगा-३. ग्लुकोसामाइनचे डबे दुकानात खूप सुंदर दिसतात, पण त्याचा पुरावा कमकुवत आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ते पैसे मी फिजिओकडे वळवले.

आणि ट्रेक? हा माझ्यासाठी सगळ्यात अवघड प्रश्न होता. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी! टांग्याशिवायचा पहिला ट्रेक मी केला तेव्हा लोकांनी विचारलं, "आज तो कुठाय?" मला चक्क रिकामं वाटलं. मग लक्षात आलं की शिखराची हौस माझी होती. त्याला शिखर काय आणि गल्लीचा कोपरा काय, वास महत्त्वाचा. वीस मिनिटांच्या फेरीत त्याला हवं तिथे थांबून हुंगू दिलं, तरी तो शेपूट हलवत घरी येतो. चार वर्षं मी त्याला पुढे ओढत होते. आता तो ठरवतो कुठे थांबायचं. मला हे शिकायला एक एक्स-रे लागला.

चौदा महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, आम्ही परत शिवथरला गेलो. या वेळी आजीही होती. किती वर्षं तिला घळ बघायची होती! फिजिओचे व्यायाम नेटाने केलेत तिने. दादाचा हात धरून, दर दहा पायऱ्यांनी श्वास घेत ती वर गेली. मी आणि टांग्या खालीच थांबलो. वजन ३२ किलो. ऑपरेशनचा विषय सध्या तरी मागे पडलाय. नदीच्या उथळ पाण्यात अर्धा तास रमला, मग ऊन खात पडून राहिला. थंडीत सकाळी अजून आखडतो, एखादा दिवस वाईट जातो. झिजलेली कूर्चा काही परत येत नाही.

संध्याकाळी उतरणीवरून टांग्या स्वतःच डिकीत चढला. काकू अंगणातून बघत होत्या. मी अगदी शाबासकीच्या अपेक्षेने त्यांच्याकडे बघितलं.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "पण उजवा पाय अजून चोरतोय थोडा."

मी बघितलं. खरंच चोरत होता. आणि या वेळी मला तो दिसला.

फ्रिजवर लावा!

• बरगड्या दिसायला नकोत, पण हात फिरवला की बोटांना लागायला हव्यात. लागत नसतील तर वजन जास्त आहे.

• महिन्यातून एकदा कुत्र्याचं उठणं, बसणं आणि चालणं मोबाइलवर शूट करा. डॉक्टरकडे गेल्यावर कुत्रा हमखास ठणठणीत असल्यासारखा वागतो. व्हिडिओ मात्र खोटं बोलत नाही.

• ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कसा उठतो ते बघा. आखडला असेल तर कालचं जास्त झालं.

• माणसांची पेनकिलर? अर्धीही नाही, पावही नाही. चुकून पोटात गेली तर वाट न बघता डॉक्टरकडे.

• मोठ्या जातीचं पिल्लू घेताना आईवडिलांच्या खुब्यांचा एक्स-रे मागा. रंग नंतर बघा.

• एकदम लंगडायला लागला तर ते खुब्याचंच असेल असं नाही. गुडघ्याचा स्नायुबंध तुटलेला असू शकतो, गोचीड ताप असू शकतो. अंदाज बांधत बसू नका, दाखवा.

• आणि हो, घरात कोणी उठताना कुरकुरत असेल, तर त्यांनाही विचारा. दोन पायांचे असले तरी!